फिरोजपूरला पाठवायचा पाळणा

२ फेब्रुवारी १९९५, काष्टी

ही डायरी साखर कारखान्याची. आमचे हे तिथे वजनकाट्यावर आहेत, म्हणून दरवर्षी एक मिळते आणि दरवर्षी चुलीत जाते. यंदा म्हटलं आपण लिहू. बालवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावायची आणि आपण मात्र वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहायचं नाही, हे काही खरं नव्हे. प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलाय. आजचा आहे, ‘राग हा माणसाचा शत्रू आहे.’ हे वाचून हे म्हणाले, “भारती, पान तुझ्यासाठीच छापलंय.” मी ताट जरा आदळलं, एवढंच.

पण आज रागवायचा दिवसच नाही. फिरोजपूरहून तार आली. माझ्या नणंदेला, दीपाला, मुलगी झाली! दीपाचे यजमान तिकडे पलटणीत आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं, आणि ती तिकडेच राहिली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हापासून तोंड फुगवून बसल्या होत्या. त्या स्वतः निघाल्याही असत्या, पण संक्रांतीला ओट्यावरून पडल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

तार ऐकली आणि आधी हसल्या, मग रडल्या, मग एकदम म्हणाल्या, “आनि पाळना कोन म्हननार?”

आमच्या आत्याबाई, चांगुणाबाई, म्हणजे पाळण्यातल्या वस्ताद. चांगुणाबाईंनी पाळणा म्हटला नाही असं आमच्या आळीत एक पोर नाही. दर बाळाला नवी कडवी रचतात. आता स्वतःच्या लेकीच्या लेकीला फिरोजपुरात मराठी पाळणा म्हणणारं कुणी नाही. दीपाच्या डावीकडे पंजाबीण, उजवीकडे मद्राशीण. आत्याबाईंनी सांगून टाकलं, “पाळन्याबिगर नाव ठिवायचं न्हाई. कळवा तिला.”

४ फेब्रुवारी

तोडगा मला सुचला! आळीतला चेतन दीपाच्या यजमानांच्याच पलटणीत आहे आणि सध्या रजेवर आलाय. वीस तारखेला परत जाणार. दीपाकडे टेप नाही, पण वॉकमन आहे. चेतनकडेही अगदी तसाच आहे, दोघांनी मिळून कॅन्टीनमधून घेतलेले. आत्याबाईंचा पाळणा आमच्या टेपवर भरायचा, कॅसेट चेतनबरोबर पाठवायची. दीपाला कळवलं, तिनेही बारसं सव्वीस तारखेवर ढकललं. दीपाच्या शेजारच्या सुभेदारांकडे फोन आहे, त्यामुळे निरोपाची सोय झाली.

आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “यंत्रात म्हनायचं? माझा आवाज काय लोनचं हाय, भरून ठिवायला?” पण संध्याकाळी कडवी जुळवताना ऐकलं मी.

५ फेब्रुवारी

पाळणा भरला. संध्याकाळी सगळं आवरून बसलो. बल्ब लालबुंद, नुसता विडीच्या टोकाएवढा पेटलेला, त्यामुळे बटणं चाचपून दाबावी लागली. टेपला विजेची वायर लावली. सेलवर चालला असता तर बरं, पण पावसाळ्यात सेल फुटून त्याचा खण पार गंजलाय, आणि श्रीगोंद्याचा दुरुस्तीवाला म्हणतो, महिनाभर ठेवून जा.

आत्याबाई काय गायल्या! डोळे मिटले, प्लास्टरचा पाय उशीवर, आणि हात मात्र दोरी ओढल्यासारखा हलतोय. लगेच लावून ऐकलं. जसाच्या तसा आवाज. आत्याबाई स्वतःचाच आवाज ऐकून अशा लाजल्या की पदर तोंडावर घेतला.

मी मनात म्हटलं, भारती, तू हुशार आहेस.

७ फेब्रुवारी

कसली हुशार! आज चेतन वॉकमन घेऊन आला. आळीतल्या बायका जमल्या होत्या, चहा ठेवला होता. पहिल्यांदा आत्याबाईंच्याच कानाला लावलं. आत्याबाईंचं तोंड बघता बघता उतरलं. त्यांनी कानावरचं काढून माझ्या हातात दिलं.

मी ऐकलं. चिर्र चिर्र चिर्र. पाळणा नव्हे, गाडी चुकायला आल्यावर चिचुंद्री पळावी तसं. बायकांनी एकेकीने कानाला लावलं आणि पोट धरधरून हसल्या. मला हसू आवरेना. आणि तिथेच चुकले.

आत्याबाई म्हणाल्या, “हसा. म्हातारीचं माकड केलंस न्हवं पोरी? आता मेले तरी त्या डबड्यात गानार न्हाई.”

रात्री जेवल्या नाहीत. म्हणजे माझ्या हातचं जेवल्या नाहीत, यांनी वाढलं तेव्हा दोन भाकरी खाल्ल्या.

८ फेब्रुवारी

सकाळी आमच्या टेपवर तीच कॅसेट परत लावली. ठीक आहे, जरा घाईत वाटली. आत्याबाईंना सकाळी सगळ्याचीच घाई असते, त्याचा परिणाम असेल. म्हणजे दोष वॉकमनचा.

चेतन म्हणाला, “वैनी, हेड घान झालं आसंल.” मग कापूस घेतला, बालवाडीतलं स्पिरिट घेतलं, हेड चकाचक पुसलं. चिर्र चिर्र. मग कॅसेटच हलकी म्हणून श्रीगोंद्याहून भारीतली कॅसेट मागवली आणि संध्याकाळी तिच्यावर उतरवून बघायला मीच दोन ओळी म्हटल्या. घरच्या टेपवर मी. वॉकमनवर चिचुंद्रीची धाकटी बहीण.

आत्याबाई आतून म्हणाल्या, “हिचा तर मूळचाच तसा हाय.”

बोलल्या तरी! एक दिवसाचा अबोला सुटला, हेही नसे थोडके.

११ फेब्रुवारी, शनिवार, बाजार

जमलं! जमलं! जमलं!

बाजारातून येताना चेतनला गाठलं. त्याच्या वॉकमनचे सेल आठवडाभर वाजवून उतरत आलेले. तरी म्हटलं लाव एकदा. आणि काय सांगू, आत्याबाईंचा आवाज! तोच ठसका, तोच हेल. चेतन बाजारातच नाचला. कांद्याची पिशवी फाटली तरी मला काही वाटलं नाही.

मग त्याने नवे सेल टाकले. चिचुंद्री. जुने टाकले. आत्याबाई. नवे, चिचुंद्री. जुने, आत्याबाई. म्हणजे निष्कर्ष सरळ आहे. आपल्या पाळण्याला जुने सेल मानवतात. जुनं ते सोनं म्हणतात ते काय उगाच?

१२ फेब्रुवारी

दीपाला कॅसेटबरोबर जुने सेलही पाठवायचे ठरवलं. वॉकमनला लागतात ते बारके, भिंतीवरच्या घड्याळातले असतात तसे. आळीभर फिरले. “तुमच्या घड्याळातला सेल जुना आहे का हो?” पाळण्यासाठी म्हटल्यावर सगळ्यांनी हसत दिले. रुमालात गाठोडं बांधून वर चिठ्ठी लावली, ‘दीपासाठी, नवे घालू नये.’

१३ फेब्रुवारी

आळीतली सगळी घड्याळं बंद. तिघांची एसटी चुकली. यांची कारखान्यातली पाळी चुकली, तिकडे काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली आणि साहेब यांच्यावर ओरडले. घरी येऊन हे माझ्यावर ओरडले, मी यांच्यावर ओरडले, आत्याबाई आतून म्हणाल्या, “आता माझ्यावर कोन वरडतंय?”

वर आणि चेतनने गाठोड्यातले सेल घालून बघितले. एका जोडीवर आत्याबाई, एका जोडीवर चिचुंद्री, आणि एका जोडीवर म्हैस! खोटं नाही सांगत, पाळणा असा रटाळ, जाडजूड आवाजात निघाला की चेतनचा लहान भाचा रडायलाच लागला. शिवाय चेतन म्हणतो, “वैनी, दोन दिसाची रेल्वे. तिथवर कुठला सेल किती उतरला, मला काय कळनार?”

खरं आहे. आजचा सुविचार: ‘प्रयत्नांती परमेश्वर.’ छापणाऱ्याने कधी कॅसेट भरलेली दिसत नाही.

१४ फेब्रुवारी

आज खरंच कळलं, आणि कळलं कुठे, तर गिरणीत.

संध्याकाळी ज्वारीचं दळण घेऊन गेले. छगनची गिरणी घरघर करायची सोडून कण्हत होती. पीठ हातात घेतलं तर नुसती भरड. मी छगनला झापायला तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, “बाई, माझ्यावर चिडू नका. सांजच्याला होल्टेज न्हाई. सगळ्यांच्या उसाला पानी भरनं चाललंय, मळ्यातल्या मोटारी चालू झाल्या की आपल्या आळीला काय ऱ्हातंय? जातं फिरतंय, पर फिरल्यावानी करतंय. सकाळच्याला या, मैद्यावानी दळून देतो.”

मी तिथेच कपाळावर हात मारला. कपाळाला पीठ लागलं ते घरी येईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

अहो, जातं हळू फिरतं तर टेपही हळूच फिरणार की! संध्याकाळी मरतुकड्या विजेवर पाळणा भरला, तेव्हा फीत रांगत होती. त्याच मरतुकड्या विजेवर लावला, पुन्हा रांगली, म्हणून बरोबर वाटला. सकाळी वीज बरी होती, म्हणून घाईत वाटला. वॉकमन नव्या सेलवर नीट चालतो, तर तिथे धावत सुटला. उतरलेल्या सेलवर वॉकमनही रांगतो, म्हणून पुन्हा आत्याबाई! वॉकमन बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.

म्हणजे भरपूर वीज असताना पाळणा पुन्हा भरायचा. झालं तर. पण आत्याबाईंना पुन्हा गायला कोण लावणार?

१५ फेब्रुवारी

सकाळी मुद्दाम शेरभर ज्वारी दळून आणली. दोन ताटल्या आत्याबाईंपुढे ठेवल्या, एकीत कालचं पीठ, एकीत आजचं.

त्यांनी दोन्ही पिठं चिमटीत घेऊन चोळली. “ह्याची भाकर थापताना चिरनार. हे चांगलं हाय. का गं?”

म्हटलं, “ज्वारी एकच आहे आत्याबाई. गिरणी एकच आहे. काल वीज कमी होती.”

बराच वेळ चोळत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी माझ्या आवाजाची भरड झाली म्हन की.”

“अगदी तसंच.”

“मग दानं खराब न्हवतं.”

“दाणे कधीच खराब नव्हते. हसले ते चुकलं माझं.”

आत्याबाईंनी चांगलं पीठ माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, “याच्या भाकरी कर. आनि वीज कुठनं आनायची ती आन. मी गाते.”

इतका आनंद मला बालवाडीची नेमणूक झाली तेव्हाही झाला नव्हता.

१६ फेब्रुवारी

वीज आणणं सोपं नाही. आमच्या आळीचे दिवे आणि मळ्यातल्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर. सकाळी गिरणीपुरती बरी असते, पण पाळण्याला बरी चालायची नाही, पुरी पाहिजे. आणि सध्या दिवसभर कुणाची ना कुणाची मोटार चालूच. सगळ्या मोटारी अर्धा तास एकदम थांबल्या पाहिजेत. लहान शेतकऱ्यांकडे गेले, ते लगेच हो म्हणाले. राहिले काकासाहेब. त्यांच्या विहिरीवरच्या दोन मोठ्या मोटारी म्हणजे डीपीवरचे दोन जावई. त्या चालू असल्या की बाकीच्यांना उरलंसुरलं.

गोठ्यापाशी बसले होते. नीट, नम्रपणे सगळं सांगितलं. म्हणाले, “बाई, तुमी शिकलेल्या. पाळन्यापायी कुनी उसाचं भरनं मोडतं का? लाइट गेली मंग? पुना येती का न येती. लोक हसत्याल मला.”

इथवर ठीक होतं. पण मग म्हणाले, “बाजारात पाळन्याच्या तयार कॅसेटी मिळत्यात, त्यातली एक धाडा.”

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, “उद्या तुमच्या नातीला बाजारातली तयार आजी आणा!” आणि तडक निघून आले.

घरी येईपर्यंत राग उतरला. सगळं जुळून आलं होतं आणि माझ्या जिभेने घालवलं. चेतन सोमवारी जाणार. दीपा त्या परमुलखात पाळण्याची वाट बघतेय. कोपऱ्यात बसून आत्याबाई कडवी घोळवतायत, त्यांना सांगायचं कसं? सांगितलंच नाही. रडले मात्र, भांडी घासता घासता.

१७ फेब्रुवारी

सकाळी दारात काकासाहेबांच्या मालकीणबाई, साळूबाई! मी घाबरलेच, म्हटलं भांडायला आल्या. तर म्हणाल्या, “चल गं, मोटारी बंद करायच्या न्हवं? आमचं मालक दाढी करायला गावात गेल्यात.”

वाटेत सांगत होत्या. थोरला मुलगा तान्हा असताना त्या खुरपायच्या, पोरगं लिंबाला झोळीत बांधलेलं. किती रडायचं. शेजारच्या पातीत आमच्या आत्याबाई खुरपायच्या, आणि खुरपता खुरपताच पाळणा म्हणायच्या. “तिच्या आवाजाबिगर डोळा लागायचा न्हाई त्याचा. आता मिशीला पीळ देत फिरतोय. मालकाला काय ठावं? ते कधी खुरपायला हुते?”

पोरं पाठवून लहान शेतकऱ्यांच्या मोटारी थांबवल्या, मग साळूबाईंनी दोन्ही खटके खाली ओढले. विहीर गप्प झाली. मी पाराच्या दिशेने हात हलवला, तिथून कुणी तरी आमच्या घराकडे हात हलवला. चेतनने बटण दाबायचं असं ठरलं होतं. मी तिथेच थांबले, खटक्यांपाशी राखण करत.

आणि काकासाहेब आले. अर्ध्या तोंडाला साबण! पाणी थांबल्याचं कुणी तरी कळवलं म्हणून तसेच उठून आलेले. मी खटक्यापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले. म्हटलं, “मघाचं... कालचं बोलणं मी मागे घेते. खटका मात्र सोडणार नाही.”

काकासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. साळूबाई म्हणाल्या, “आपला थोरला कुनाच्या आवाजानं झोपायचा, इचारा मला.” काकासाहेब धोतराच्या सोग्याने साबण पुसत बांधावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “हितवर ऐकू येत न्हाई का गं?”

“न्हाई.”

“मंग कॅसेट झाल्यावर मलाबी एक भरून द्या म्हनावं.”

परत आले तर चेतन दारातच उभा. “वैनी, बल्ब असा पांढराशिप्पट पेटला, की म्हातारीनं डोळ्यावर हात धरला! नव्या सेलवर लावून बघितलं. एकदम बरुबर.” मी वॉकमन मागितला, तर त्याने मागे लपवला. “न्हाई. तुमाला ऐकवायचं न्हाई, म्हातारीनं शपथ घातलीया.”

मला? मी एवढी उन्हात राखण केली, आणि मलाच नाही?

आलं लक्षात. पाळण्याच्या शेवटी माझी कागाळी घातली असणार. चिचुंद्री, घड्याळं, हसले ते, सगळं लेकीला सांगितलं असणार. सांगू देत. लेक आहे त्यांची. मी काय, बाहेरून आलेली. काकासाहेबांची कॅसेटही चेतन परस्पर भरून देणार म्हणे, तीही मला ऐकायची बंदी. जीव जरा खट्टू झाला, लपवत नाही.

२० फेब्रुवारी

चेतन दौंडहून गाडीत बसला. कॅसेट रुमालात, रुमाल ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. मी सेलचं नवं पाकीट दिलं आणि तीनतीनदा बजावलं, नवेच घालायचे. बंद पडलेली घड्याळं सगळ्यांना परत चालू करून दिली.

२६ फेब्रुवारी, रविवार

आज बारसं. आत्ताच घरी आलो, आधी लिहून काढते.

सुभेदारांच्या घरून दीपा एसटीडी बूथवर फोन करणार असं ठरलं होतं. आत्याबाईंना टेम्पोत खुर्ची ठेवून नेलं, नवं लुगडं, प्लास्टरवरही पदर. अर्धी आळी आणि काकासाहेब-साळूबाई मागून चालत. बूथवाल्याने फोनचा स्पीकर लावला आणि सगळ्यांना गप्प केलं.

“जयभीम आई!” दीपा. आत्याबाई नुसत्या मान हलवत राहिल्या, दीपाला जणू दिसतंय. मीच ओरडले, “जयभीम! नाव काय ठेवलं?”

“पाळण्याबिगर नाव न्हाई ठेवायचं, आईनं सांगितलंय! ऐका आता.” वॉकमनचा आवाज सगळ्यांना कसा जाणार म्हणून चेतनने कानाचे दोन्ही गोळे पितळी तांब्यात टाकले होते. तांब्या घुमला, आणि फिरोजपुरातून आत्याबाईंचा आवाज काष्टीत आला. ना चिचुंद्री, ना म्हैस. आत्याबाई!

खुर्चीतल्या आत्याबाईंनी डोळे मिटले, हात हलायला लागला, आणि त्यांनी इथून सूर लावला. तिथला आवाज आणि इथला आवाज एकात एक असे मिसळले की कुठला कोणता कळेना. एकदाही पुढे-मागे नाही. बूथमध्ये कुणी हललं नाही. साळूबाई डोळे पुसत होत्या आणि काकासाहेब छताकडे बघत होते.

मग एकदम आत्याबाई गायच्या थांबल्या. “बंद कर रं ते,” बूथवाल्याला म्हणाल्या. “झालं. संपलं.” पण तांब्यातला पाळणा कुठला थांबतोय?

बाराव्या दिशी बाई आठव करा,
मामी तुझी गं पेटता निखारा,
तिनं थांबवल्या विहिरीच्या धारा,
तुझ्या निजंपायी, जो जो गं जो जो.
भांडली विजंशी, भांडली लोकांशी,
सासूशी भांडली, निजली उपाशी,
तिच्यावानी हो गं भांडकुदळ अशी,
भिऊ नको कुना, जो जो गं जो जो.

सगळा बूथ हसला. मीही हसले. हसता हसता काय झालं कळलं नाही, आत्याबाईंच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडले. त्या माझ्या डोक्यावर थापट्या मारत होत्या, पाळण्याच्याच तालात. तिकडून दीपा ओरडली, नाव उज्ज्वला ठेवलं, आणि पोरगी पाळणा संपायच्या आत झोपली.

येताना टेम्पोत मी म्हटलं, “आत्याबाई, भांडकुदळ म्हणालात मला.”

“मग? खोटं हाय?”

“नाही. ते शेवटचं पुन्हा म्हणा ना.”

“पुना पुना म्हनायला मी काय टेप हाय?” आत्याबाई म्हणाल्या. आणि म्हटलं.